सावित्रीबाई खानोलकर

मनुष्याने कोणत्या देशी व कोणत्या घरी जन्म घ्यावा, हे त्याच्या हाती नसते. परंतु कोणाचे होऊन जगावे, हे पुष्कळ अंशी त्याच्याच हाती असते. आमच्या वऱ्हाडात घरोघरी सुना परगावाहून येतात. कोणी दारव्ह्याकडून नेरास येते, कोणी वर्धा नदी ओलांडून येते. आणि वीस-पंचवीस वर्षे लोटली म्हणजे त्या घरची रीतभात, सणवार व नातीगोती यांची खरी जाणती तीच ठरते. पुढे ती पणजी झाली, की तिचे माहेर दुसरीकडे होते हे पतवंडांच्या ध्यानीमनीही राहत नाही. ज्या स्त्रीचे चरित्र आम्ही विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत, तिचे माहेर सातासमुद्रांपलीकडे युरोपखंडात होते. तरीही ती एका मराठी घरची सून झाली. आणि स्वतंत्र भारताचे शौर्याचे सर्वोच्च पदक कसे दिसावे, हे तिने ठरविले.

सावित्रीबाईंचा जन्म २० जुलै १९१३ रोजी स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल या गावी झाला. त्यांचे जन्मनाम ईव्ह इव्होन मादाय दे मारोस असे होते. वडील आंद्रे दे मादाय हे हंगेरीचे, आई रशियाची, आणि जन्मभूमी स्वित्झर्लंड. अशा रीतीने तीन देशांचा वारसा त्यांस पाळण्यातच लाभला. वडील जिनिव्हा येथील विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते व पुढे राष्ट्रसंघाच्या ग्रंथालयाचे कामही त्यांजकडे होते. आई शिक्षणशास्त्राच्या एका नामांकित संस्थेत अध्यापन करी. अशा विद्याव्यासंगी घरात, पर्वत व सरोवरे यांच्या सान्निध्यात, त्यांचे बालपण गेले.

१९२९ साली त्यांच्या आयुष्यास अनपेक्षित वळण लागले. विक्रम रामजी खानोलकर नावाचा एक मराठी तरुण त्या वेळी इंग्लंडातील सँडहर्स्ट येथे लष्करी शिक्षण घेत होता. सुट्टीत तो स्वित्झर्लंडला आला असता त्याची व ईव्हची ओळख झाली. ती सोळा वर्षांची होती व तो तिच्याहून बराच मोठा होता. मुलीने इतक्या दूरच्या, अनोळखी देशी जावे, हे वडिलांस मुळीच रुचले नाही, आणि कोणत्याही पित्यास ते रुचणे कठीणच. तथापि काही वर्षे गेली तरी तिचा निश्चय ढळला नाही. अखेर ती हिंदुस्थानात आली व १९३२ साली लखनौ येथे त्या दोघांचा विवाह झाला. तिने पतीचा धर्म स्वीकारला व सावित्री हे नाव धारण केले. पुराणातील सावित्रीनेही वडिलांच्या मनातील भीती जाणूनच आपला वर कायम केला होता. या दृष्टीने ते नाव त्यांस शोभून दिसले.

वडिलांची इच्छा मोडण्याचे कौतुक आम्ही करीत नाही, हे येथे सांगितले पाहिजे. हट्ट कोणासही करता येतो. आपण जे निवडले, त्याचा भार तक्रार न करता जन्मभर वाहणे, हे मात्र थोड्यांसच साधते. सावित्रीबाईंचा मोठेपणा या दुसऱ्या गोष्टीत आहे.

त्या काळी लष्करी अधिकाऱ्याच्या युरोपीय पत्नीने इंग्रजीवर भागवून नेले असते, तर तिला कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी ही सोपी वाट धरली नाही. त्या मराठी, हिंदी व संस्कृत या तिन्ही भाषा शिकल्या. जिनिव्हा हे फ्रेंच भाषेचे नगर. फ्रेंचमध्ये लिंगे दोनच. मराठीत तीन, आणि त्यांस नियम थोडे व अपवाद फार. आमच्या ‘ळ’पुढे तर परकी जीभ सहसा हार मानते. संस्कृताच्या विभक्ती पाठ करताना आमचीच मुले किती कंटाळतात, हे पालकांस ठाऊक आहे. बाईंनी हे सारे स्वखुशीने केले व मराठी त्या अस्खलित बोलू लागल्या. त्यांनी शाकाहार पत्करला, भारतीय संगीत, नृत्य व चित्रकला यांचा अभ्यास केला, आणि वेद, पुराणे व प्राचीन इतिहास यांचे खोलवर वाचन केले. महाराष्ट्रातील संतांविषयी त्यांनी इंग्रजीत एक ग्रंथ लिहिला. त्यांस कोणी परदेशी म्हटले, तर ते त्यांस मुळीच खपत नसे. आपला आत्मा भारतीयच असून युरोपात जन्म केवळ चुकून झाला, असे त्या मानीत.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी काश्मीरमध्ये युद्ध पेटले. वीरांचा गौरव कोणत्या चिन्हाने करावा, हा प्रश्न लगेच उभा राहिला. तोपर्यंत सर्वोच्च पदक म्हणजे १८५६ साली स्थापन झालेला व्हिक्टोरिया क्रॉस. १९११ पासून तो हिंदी सैनिकांसही मिळू लागला, आणि दुसऱ्या महायुद्धात यशवंत घाडगे व नामदेव जाधव या मराठी वीरांनी इटलीच्या रणभूमीवर तो मिळविला. परंतु परक्या राणीच्या नावाचे पदक स्वतंत्र राष्ट्रास यापुढे चालण्यासारखे नव्हते. नव्या पदकांची सिद्धता करण्याचे काम मेजर जनरल हिरालाल अटल यांजकडे होते. पदकात भारताचा आत्मा उतरावा अशी त्यांची इच्छा होती, आणि या कामी त्यांनी सावित्रीबाईंचे साहाय्य मागितले. अनेक वर्षांच्या त्या एकाग्र वाचनाचे फळ अशा रीतीने राष्ट्राच्या उपयोगी पडले.

बाईंच्या मनासमोर दधीची ऋषींची कथा उभी राहिली. वृत्रासुराच्या वधासाठी देवांस अभेद्य शस्त्र हवे होते. दधीचींनी त्यासाठी देहत्याग करून आपल्या अस्थी दिल्या व त्यांपासून इंद्राचे वज्र घडले. परमवीरचक्रावर मध्यभागी राजमुद्रा व तिच्या सभोवती हीच चार वज्रे आहेत. मागील बाजूस हिंदी व इंग्रजी भाषांत पदकाचे नाव असून मध्ये दोन कमळे आहेत. पदक ब्राँझचे, वर्तुळाकार, सुमारे साडेतीन सेंटिमीटर व्यासाचे, फीत जांभळी. त्यात सोने नाही, रत्न नाही. ज्याने दुसऱ्यांसाठी आपले हाड न हाड दिले, त्याच्या छातीवर दधीचींची खूण असावी, याहून समर्पक कल्पना कोणती असू शकेल? महावीरचक्र, वीरचक्र व अशोकचक्र यांच्या रचनेचे श्रेयही बाईंसच दिले जाते.

२६ जानेवारी १९५० रोजी, म्हणजे प्रजासत्ताकाच्या पहिल्याच दिवशी, हे पदक स्थापन झाले व १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमांस ते लागू करण्यात आले. त्याचे पहिले मानकरी मेजर सोमनाथ शर्मा. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी बडगाम येथे, हात प्लास्टरमध्ये असताना, ते आपल्या सैनिकांस काडतुसे भरून देत फिरत होते. तोफगोळा फुटून त्यांस वीरमरण आले, परंतु श्रीनगरचा विमानतळ वाचला. त्यांची कुमाऊं रेजिमेंट १९४५ पर्यंत हैदराबाद रेजिमेंट म्हणून ओळखली जाई, आणि तिच्या जुन्या पलटणींपैकी एकीचे नाव आमच्या वऱ्हाडावरून पडले होते. विधिघटना अशी की, हे सोमनाथ सावित्रीबाईंच्या ज्येष्ठ कन्येचे दीर होत. बाईंनी रेखाटलेले पदक सर्वांआधी त्यांच्याच आप्तांच्या घरी गेले, आणि ते घेण्यास वीर स्वतः हयात नव्हता. जिवंतपणी ते पहिल्याने मिळविणारे रामा राघोबा राणे हे कारवारकडचे. आजवर २१ वीरांस परमवीरचक्र लाभले. त्यांपैकी १४ जणांस मरणोत्तर.

बाईंची सेवा चित्र रेखाटून संपली नाही. सैनिकांची कुटुंबे व फाळणीत घरदार गमावून आलेले निर्वासित यांच्यासाठी त्यांनी पुष्कळ कष्ट घेतले. १९५२ साली मेजर जनरल खानोलकर निवर्तले. त्या वेळी बाई चाळिशीच्याही आत होत्या. मनात आणते तर मायदेशी परतणे अशक्य नव्हते. परंतु भारत हाच मायदेश असे ज्यांनी मानले, त्यांनी परतावे कोठे? त्या अध्यात्माकडे वळल्या, रामकृष्ण मठाच्या आश्रयाने राहिल्या, आणि २६ नोव्हेंबर १९९० रोजी त्यांचा देहान्त झाला. परमवीरचक्र ठाऊक असलेले लाखो आहेत. त्या मानाने सावित्रीबाईंचे नाव ठाऊक असलेले फारच थोडे.

या चरित्रापासून आमच्या विद्यार्थ्यांनी काय घ्यावे? आपलेपणा हा केवळ जन्मसिद्ध हक्क नव्हे. तो अभ्यासाने व सेवेने मिळवावा लागतो, आणि जन्माने मिळालेला असला तरी त्याच मार्गाने राखावा लागतो. जी भाषा परक्या मुलीने कष्टाने मिळविली, ती आम्ही हयगयीने बोलतो व लिहितो, हे आम्हांस लाजविणारे आहे. दुसरेही असे की, आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कोणी मूल तांड्यावरून शाळेत येते, कोणी कोलामांच्या पोडावरून येते. त्याच्या बोलण्यातील वेगळेपणास हसणारी मुले प्रत्येक वर्गात एखाददुसरी असतातच. अशा वेळी त्यांनी ध्यानात ठेवावे की, राष्ट्राच्या सर्वोच्च सन्मानास ज्या हातांनी रूप दिले, त्या हातांनीही मराठीची बाराखडी मोठेपणीच गिरविली होती. नव्याने आलेल्यास जवळ बसवून घ्यावे, त्याची भाषा ऐकावी, आपली त्यास शिकवावी. पुढे तो या भूमीस काय देईल, हे आज कोणी सांगावे?