दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१७ जानेवारी, इ.स. १९०५ – इ.स. १९८६) हे संख्यांच्या गुणधर्मांवर संशोधन करणारे मराठी गणिती आणि शाळाशिक्षक होते. कापरेकर स्थिरांक (६१७४) आणि डेम्लो संख्या ही त्यांच्या कामाची सर्वाधिक परिचित उदाहरणे होत.

जीवन

त्यांचा जन्म तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना त्यांच्या आईचे निधन झाले. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा छंद होता; त्यातील आकडेमोडीतून मुलाला संख्यांची गोडी लागली. माध्यमिक शिक्षण ठाण्यात व उच्च शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. इ.स. १९२७मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. इ.स. १९२९मध्ये पदवी घेतल्यावर ते नाशिकजवळच्या देवळाली येथे शिक्षक झाले व इ.स. १९६२पर्यंत तेथेच शिकवत राहिले. गणितात पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते.

डेम्लो संख्या

या संख्यांचा विचार त्यांना ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या डोंबिवली स्थानकावर सुचला. स्थानकाच्या तत्कालीन नावावरून त्यांनी संख्यांना डेम्लो हे नाव दिले. त्यांपैकी ‘अद्भुत’ डेम्लो संख्या केवळ १ हा अंक असलेल्या संख्यांच्या वर्गातून मिळतात: ११चा वर्ग १२१, १११चा १२३२१, ११११चा १२३४३२१. या एकाखाली एक मांडल्यास दोन्ही बाजूंनी सारखा उतरणारा मनोरा तयार होतो. त्यासाठी पाटी-पेन्सिलीपलीकडे काहीही लागत नाही, त्यामुळे शालेय विद्यार्थ्यांना संख्यांतील सममिती दाखवण्यास हे उदाहरण विशेष सोयीचे आहे. चौकटीत अंक मांडून तयार होणाऱ्या जादूच्या चौरसांवरही कापरेकरांनी काम केले.

कापरेकर स्थिरांक

हा शोध इ.स. १९४९मधील आहे. सर्व अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन तिच्या अंकांच्या उतरत्या मांडणीतून चढती मांडणी वजा करावी आणि उत्तरावर तीच कृती पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येते. उदाहरणार्थ, ३५२४पासून ३०८७, ८३५२ आणि मग ६१७४.

उपेक्षा आणि मान्यता

भारतातील अनेक गणितज्ञांनी त्यांचे काम क्षुल्लक मानले. त्यामुळे त्यांचे बरेच लेखन दुय्यम नियतकालिकांत किंवा त्यांनी स्वतः छापलेल्या पुस्तिकांमधून प्रसिद्ध झाले. निवृत्तिवेतन अपुरे पडत असल्याने उतारवयात त्यांना गणित व विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या. मार्च १९७५मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिल्यावर त्यांचे नाव जगभर पोहोचले. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. इ.स. १९८६मध्ये देवळाली येथे त्यांचे निधन झाले.