गाडीत बसून पिक्चर बघायची आयडिया त्याची होती, पण कोर्टाने पेटंटच रद्द केलं

थिएटरमध्ये पिक्चर रंगात आलेला असतो आणि मागच्या रांगेत कुणाचं तरी बाळ रडायला लागतं. आई बिचारी बाळाला घेऊन बाहेर जाते, बाबा तिथेच बसून राहतात आणि आजूबाजूचे लोक वळून वळून बघतात. हा सीन काही आजचा नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतही हेच चालायचं. उलट तिथे तेव्हा पिक्चरला जायचं म्हणजे नीट कपडे घालायचे, पोरांना सांभाळायला कुणीतरी शोधायचं, गाडी लावायला जागा हुडकायची आणि मग अंधारात दोन तास गप्प बसायचं.

या सगळ्यातून लोकांची सुटका करणारा माणूस म्हणजे रिचर्ड हॉलिंगशेड ज्युनियर.

जन्म १९०० सालचा. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात कॅम्डेन शहरात वडिलांची कंपनी होती. गाड्यांसाठी लागणारं पॉलिश, ग्रीस वगैरे बनवायची. रिचर्ड तिथे सेल्सचं काम बघायचा. म्हणजे सिनेमाशी संबंध शून्य, पण गाडी आणि गाडीवाला गिऱ्हाईक, दोन्ही त्याला पक्के माहीत. त्याची आई अंगाने जाड होती, थिएटरच्या खुर्चीत तिला अवघडल्यासारखं व्हायचं, म्हणून त्याला ही आयडिया सुचली असंही सांगितलं जातं.

खरं-खोटं काहीही असो, प्रयोग मात्र त्याने घरासमोरच केला. रिव्हर्टनमधल्या आपल्या घराबाहेर दोन झाडांना चादर बांधली, गाडीच्या बॉनेटवर कोडॅकचा प्रोजेक्टर ठेवला आणि चादरीमागे रेडिओ लावून आवाजाची सोय केली. पाऊस आला तर कसं दिसेल, हे बघायला बागेला पाणी द्यायचा फवारा गाडीवर सोडला!

खरी अडचण वेगळीच होती. पुढे गाडी उभी असली की मागच्याला पडदा दिसेना. थिएटरमध्ये पुढच्याला 'जरा खाली वाका' म्हणता येतं, गाडीला काय म्हणणार? मग त्याने पुढच्या चाकांखाली ठोकळे घालून गाडी किती उचलली की समोरच्या गाडीवरून पडदा दिसतो, हे मोजलं. त्यातून अर्धगोलाकार रांगा आणि प्रत्येक रांगेला उतार अशी रचना ठरली. कुणी उशिरा आलं किंवा मध्येच उठून गेलं तरी बाकीच्यांना त्रास नाही. याच रचनेचं पेटंट त्याला मे १९३३ मध्ये मिळालं.

६ जून १९३३ ला कॅम्डेनजवळ पहिलं ड्राइव्ह-इन सुरू झालं. जागा साधारण ४०० गाड्यांची. गाडीचे २५ सेंट आणि माणशी २५ सेंट, पण एका गाडीला जास्तीत जास्त एक डॉलर. मंदीने लोकांचं कंबरडं मोडलेलं असताना अख्ख्या कुटुंबाला हा सौदा परवडणारा होता. जाहिरातीचा सूरही तसाच: पोरं कितीही दंगा करू देत, सगळ्यांना घेऊन या.

पण धंदा सोपा नव्हता. स्टुडिओ नवे पिक्चर द्यायला तयार नव्हते, जुनेही चढ्या भावाने मिळायचे. आवाज पडद्याजवळच्या मोठ्या स्पीकर्समधून यायचा. तो मागच्या गाडीत नीट पोहोचायचा नाही, पण आसपासच्या घरांत मात्र बरोबर शिरायचा. गाडीतल्या लोकांना शिस्तीतून मोकळीक मिळाली आणि शेजारच्यांची झोप गेली. गाडीत अडकवायचे छोटे स्पीकर नंतर, चाळीसच्या दशकात आले. आणि शिस्त तरी पूर्ण कुठे सुटली? हेडलाइट बंद ठेवा, हा नवा नियम आलाच.

रिचर्डने काही वर्षांतच हे थिएटर विकलं. त्याची भिस्त होती पेटंटवर. दुसरे ड्राइव्ह-इन काढतील आणि रॉयल्टी देतील, हा हिशोब. पण अनेकांनी न विचारताच थिएटरं काढली. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९४९ मध्ये अपील कोर्टाने पेटंटच अवैध ठरवलं. थिएटरमध्ये खुर्च्यांची अशी मांडणी पूर्वापार आहे, ती गाड्यांना लावली म्हणून शोध होत नाही, असं कोर्टाचं मत पडलं. कायद्याने ते बरोबर असेलही, पण ठोकळे घालून उंची मोजणाऱ्या माणसासाठी हा निकाल जरा कडूच.

पेटंटची आडकाठी गेली, त्यात महायुद्धानंतर घराघरात गाड्या आलेल्या. १९५०चं दशक संपता संपता अमेरिकेत चार हजारांवर ड्राइव्ह-इन झाली होती. कुटुंबं यायची तशी प्रेमी जोडपीही यायची, आणि त्यांचं पिक्चरकडे किती लक्ष असायचं यावर तेव्हा भरपूर चर्चा व्हायची. या चार हजारांतून रिचर्डला रॉयल्टी मात्र मिळाली नाही.

१९७५ मध्ये तो वारला, तेव्हा टीव्ही आणि जागांच्या वाढत्या भावांमुळे अमेरिकेतली ड्राइव्ह-इन बंद पडायला लागली होती. आपल्याकडे मात्र तेव्हा कुठे सुरुवात होत होती. १९७३ मध्येच अहमदाबादेत ड्राइव्ह-इन सुरू झालं होतं, नंतर मुंबईत बांद्र्यालाही आलं. बांद्र्याचं पुढे बंद पडलं. अहमदाबादेत लोक गाडी लावायचे, खाली चटई अंथरायचे, घरून आणलेले डबे उघडायचे आणि पोरांना मोकळं सोडून पिक्चर बघायचे.