आलेस्सांद्रो सेरेनेल्ली : क्षमेनंतरचे प्रायश्चित्त

इटलीतील ले फेर्रिएरे येथे ५ जुलै १९०२ रोजी वीस वर्षांच्या आलेस्सांद्रो सेरेनेल्लीने, आपल्या वासनेला नकार देणाऱ्या ११ वर्षांच्या मारिया गोरेटीवर टोकदार हत्याराने १४ वार केले. दुसऱ्या दिवशी त्याला क्षमा करून तिने प्राण सोडला.

न्यायालयाने त्याला ३० वर्षांची शिक्षा दिली. प्रारंभी त्याचे अंतःकरण कठोरच राहिले. पुढे बिशप जियोव्हानी ब्लांदिनी यांची तुरुंगातील भेट आणि मारिया आपल्याला लिलीची शुभ्र फुले देत आहे असे पडलेले स्वप्न, यांमुळे त्याचे मनपरिवर्तन झाले. तरीही शिक्षा चालूच राहिली. २७ वर्षे भोगून १९२९ साली तो सुटला.

मारियाची आई आसुंता हिच्याकडे त्याने क्षमायाचना केली. तिने क्षमा केली. दोघांनी शेजारी बसून ख्रिस्तप्रसाद स्वीकारला. परंतु आसुंताची लेक परत आली नाही.

पश्चात्तापपूर्वक केलेल्या पापनिवेदनाने दोष व सार्वकालिक शिक्षा दूर होते, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. मात्र पापाने इतरांची झालेली हानी आणि स्वतःच्या आत्म्याला जडलेली वाईट ओढ तत्काळ नाहीशी होत नाही. उरलेले हे भोग म्हणजे देवाचा सूड नव्हे. ती पापाचीच फळे होत. प्रार्थना, सत्कृत्ये व सहनशीलता यांनी त्यांचे शुद्धीकरण होते.

आलेस्सांद्रोने उर्वरित आयुष्य कॅपुचिन मठांत बागकाम व प्रार्थना करीत घालविले. १९५० साली मारियाला संतपद मिळाले. १९७० साली माचेराता येथे त्याचे निधन झाले. क्षमेच्या बळावर त्याने उरलेला भार अखेरपर्यंत वाहिला. प्रभू आपणांसही तेच बळ देवो.