चवदार तळ्याचे संघटक : कॉ. आर. बी. मोरे

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह म्हटला की डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ओंजळीतील पाणी डोळ्यांसमोर येते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु बाबासाहेबांनी महाडला यावे म्हणून सतत पाठपुरावा करणारा, गावोगाव फिरून माणसे जमविणारा आणि स्वतः महाड तालुक्यातच वाढलेला जो तरुण त्या घटनेमागे उभा होता, त्या रामचंद्र बाबाजी मोरे यांचे नाव त्या मानाने कमी घेतले जाते.

मोरे यांचा जन्म १ मार्च १९०३ रोजी महाडजवळच्या लाडवली येथे झाला. त्यांचे बालपण दासगावशी जोडलेले होते. दासगाव हे सावित्री नदीच्या खाडीवरचे बंदर. मुंबईहून येणारा माणूस बोटीने तेथे उतरे आणि पाच मैलांवरचे महाड गाठे. या परिसरातील अनेक महार कुटुंबांतील पुरुष इंग्रजांच्या पलटणीत नोकरी करून आलेले. लष्करातील महारभरती बंद झाल्यावर सरकारकडे दाद मागणारे आणि अस्पृश्यतेवर लेखणी चालविणारे गोपाळबाबा वलंगकर हे महाडनजीकच्या रावढळचे. पेन्शन, थोडेफार शिक्षण आणि अर्जविनंत्या करण्याची सवय या वस्त्यांमध्ये रुजलेली होती. मोरे यांची जडणघडण या वातावरणात झाली.

१९१४ मध्ये अलिबाग येथे झालेल्या परीक्षेत अकरा वर्षांच्या रामचंद्राने शिष्यवृत्ती मिळविली. मात्र महाडच्या इंग्रजी शाळेने त्याला प्रवेश नाकारला. मुलगा महार आहे, एवढेच कारण. त्या मुलाने घरी बसून रडण्याऐवजी वृत्तपत्राला पत्र लिहिले आणि सरकारी अनुदान घेणारी शाळा एका विद्यार्थ्याला दारातूनच परत कशी पाठवते, असा सवाल केला. पत्र छापून आले, शाळेची अडचण झाली आणि प्रवेश मिळाला. बसण्याची जागा मात्र इतरांपासून वेगळी. पुढे घरच्या ओढगस्तीमुळे मोरे यांना मुंबई आणि पुण्यात मिळेल ते काम करावे लागले. पण महाड सुटले नाही.

महाड ही मोठी बाजारपेठ होती. आसपासच्या खेड्यांतून अस्पृश्य माणसे मोळ्या विकायला, सरकारी कामाला, बाजारहाटाला येत. दिवसभर उन्हात राबूनही त्यांना गावात घोटभर पाणी मिळण्याची सोय नव्हती. अशा वेळी महाडमध्ये अस्पृश्यांसाठी एक चहाचे दुकान सुरू झाले. त्यामागे मोरे यांचा पुढाकार होता. तेथे चहा मिळे, पाणी मिळे आणि अर्जही लिहून मिळत. आज ही बाब किरकोळ वाटेल. पण खेड्यांतील माणसांना एकत्र येण्याचे ते पहिले ठिकाण ठरले. सत्याग्रहाची पायाभरणी खऱ्या अर्थाने या दुकानात झाली, असे म्हणता येईल.

कायद्याची बाजू तोवर अनुकूल झालेली होती. रावबहादूर सी. के. बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव संमत करून घेतला होता. सार्वजनिक निधीतून बांधलेल्या अथवा चालविलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा त्याचा आशय होता. महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी त्यानुसार चवदार तळे खुले केले. खुले म्हणजे कागदावर. पुढील तीन वर्षांत एकाही अस्पृश्याने तळ्यात घागर बुडविली नाही; बुडविण्याची कोणाची छाती झाली नाही. ही कोंडी फोडायची तर मोठ्या संख्येने माणसे आली पाहिजेत आणि त्यांच्या पुढे बाबासाहेब असले पाहिजेत, हे मोरे यांनी ओळखले.

१९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली. (कुलाबा जिल्ह्याचे रायगड असे नामांतर १९८१ मधले.) संभाजी तुकाराम गायकवाड स्वागताध्यक्ष होते. सुरेंद्रनाथ तथा सुरबानाना टिपणीस आणि अनंत विनायक चित्रे हे कायस्थ प्रभू समाजातील कार्यकर्ते मोरे यांच्या बरोबरीने उभे राहिले. परिषदेला हजारोंनी माणसे आली. त्यांच्यासाठी सवर्णांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले, आणि तेही नगरपालिकेने तीन वर्षांपूर्वीच सर्वांना खुले केलेले तळे हाकेच्या अंतरावर असताना! दुसऱ्या दिवशी आभारप्रदर्शनाच्या वेळी चित्रे यांनी तळ्यावर जाण्याची सूचना मांडली आणि सारा समुदाय शिस्तीने तळ्याकडे निघाला. बाबासाहेब पाणी प्याले, त्यांच्यामागून बाकीचे प्याले. थोड्याच वेळात, हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठविण्यात आली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले.

त्यानंतर तळ्याची शुद्धी करण्यात आली. शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी मंत्रोच्चारात पाण्यात रिकाम्या केल्या गेल्या. त्या तळ्यावर मुसलमान पाणी भरत, गुरे पाणी पीत. त्याने पाणी विटाळत नव्हते. अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स शहराने १९४५ मध्ये दातांच्या आरोग्यासाठी नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळण्यास प्रारंभ केला, तेव्हा सर्वांच्या पाण्यात काय मिसळावे आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा, यावर मोठा वाद पेटला. महाडच्या १०८ घागरींनी पाणी पिण्याजोगे राहिले की नाही, हा प्रश्न मात्र तळ्याकाठी कोणी विचारल्याचे दिसत नाही. तेथे शुद्धता ही पाण्याची नव्हतीच, पिणाऱ्याची होती.

नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद ठरली. सवर्णांनी तळे खासगी असल्याचा दावा करीत १४ डिसेंबरला न्यायालयाकडून तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले, २५ डिसेंबरला दासगावला उतरले आणि तेथून पायी महाडला आले. मोरे यांचे दासगाव असे चळवळीचे बंदर झाले. त्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. पाण्याचा सत्याग्रह मात्र न्यायालयाचा मान राखून तहकूब करण्यात आला. मिरवणूक तळ्याला वळसा घालून पाण्याला न शिवता परतली. जमलेल्या तरुणांना तो निर्णय पचविणे जड गेले असणार. पुढे दहा वर्षे खटला चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, अस्पृश्यांना मज्जाव करणारी पुरातन रूढी सिद्ध होत नाही, असा निर्णय दिला आणि बाबासाहेब जिंकले.

मोरे तोवर वेगळ्या वाटेने गेले होते. मुंबईच्या गिरण्यांतही त्यांना महाडच भेटले. साचेखात्यात कांडी बदलताना धाग्याचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याचे उष्टे नको म्हणून त्या चांगल्या पगाराच्या खात्यात त्याला प्रवेश नव्हता. पिण्याच्या पाण्याची मडकीही वेगळी. कामगार म्हणून एक आणि माणूस म्हणून दोन, असा हा प्रकार होता. १९३० मध्ये मोरे कम्युनिस्ट पक्षात गेले, तरी बाबासाहेबांशी असलेला त्यांचा स्नेह तुटला नाही. दोन्ही चळवळी परस्परांकडे संशयाने पाहत असताना दोहोंशी प्रामाणिक राहणे ही तारेवरची कसरत होती. मोरे यांनी ती आयुष्यभर केली, आणि तिची किंमतही मोजली: एका बाजूला ते पक्षाचे, तर दुसऱ्या बाजूला जातीचे मानले गेले.

आर्थिक क्रांतीनंतर जात आपोआप नाहीशी होईल, या समजुतीवर ते कधीच विसंबले नाहीत. १९५३ मध्ये त्यांनी अस्पृश्यता व जातिव्यवस्था या प्रश्नावर पक्षनेतृत्वाला सविस्तर टिपण सादर केले आणि १९६४ मध्ये तोच विषय पुन्हा मांडला. अकरा वर्षांनी तेच सांगावे लागले, यावरून पहिल्या टिपणाचे काय झाले असावे, याचा अंदाज येतो. पक्षफुटीनंतर ते मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात राहिले आणि १९६५ मध्ये सुरू झालेल्या ‘जीवनमार्ग’ या साप्ताहिकाचे संस्थापक संपादक झाले.

११ मे १९७२ रोजी मोरे यांचे निधन झाले. त्यांनी लिहायला घेतलेले आत्मकथन अपुरेच राहिले. चिरंजीव सत्येंद्र मोरे यांनी त्याला पुढील चरित्राची जोड देऊन ते मराठीत प्रसिद्ध केले आणि २०१९ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवादही निघाला.