मागे घेतलेला ठपका

मूल दोन-अडीच वर्षांचे झाले तरी हाकेला ओ देत नाही, नजरेला नजर देत नाही, बोलू लागलेले दोन-चार शब्दही विसरते. तपासणीत स्वमग्नता म्हणजे ऑटिझम असल्याचे कळते. मग अकोले, पाथर्डी, जामखेड अशा तालुक्यांतून आलेले पालक साधारण तेच प्रश्न विचारतात. लसीमुळे झाले का? गरोदरपणात ताप आला होता, त्याने झाले का? मुलाची प्रतिकारशक्ती बिघडली असेल, तर ती सुधारणारी इंजेक्शने किंवा स्टेम सेल थेरपी द्यावी का? त्यासाठी कुणी शेत विकायलाही तयार असते. आई मात्र पुष्कळदा गप्प बसलेली असते, कारण घरच्यांनी दोष आधीच तिच्या पदरात टाकलेला असतो.

या प्रश्नांची उत्तरे शोधताना एका डॉक्टरचे आयुष्य समजून घेण्यासारखे आहे. ते म्हणजे डॉ. लिओ कॅनर.

कॅनर यांचा जन्म १३ जून १८९४ रोजी क्लेकोटूव्ह या खेड्यात, एका ज्यू कुटुंबात झाला. हा भाग तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता, आज युक्रेनमध्ये आहे. तरुणपणी त्यांना कवी व्हायचे होते. पण ते बर्लिनला वैद्यकशास्त्र शिकायला गेले. मध्येच पहिले महायुद्ध आले, सैन्यात जावे लागले आणि डॉक्टर व्हायला १९२१ साल उजाडले. सुरुवातीचे त्यांचे काम हृदयाच्या आलेखावर होते. १९२४ मध्ये ते अमेरिकेत साउथ डकोटा राज्यातील यांक्टनच्या सरकारी मनोरुग्णालयात रुजू झाले. मानसोपचार ते तिथेच, बरेचसे स्वतःच्या अभ्यासाने शिकले. १९२८ मध्ये त्यांना बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात संधी मिळाली आणि १९३० मध्ये त्यांनी तिथल्या बालरुग्ण विभागात मुलांच्या मनाचे आजार पाहणारा स्वतंत्र विभाग सुरू केला. या विषयावरचे त्यांचे पाठ्यपुस्तक १९३५ मध्ये आले.

१९३८ मध्ये मिसिसिपी राज्यातून पाच वर्षांच्या डोनाल्डला घेऊन त्याचे आईवडील आले. वडिलांनी मुलाविषयी तेहतीस पानांचे पत्र लिहिले होते. मूल एकटेच रमते, वस्तू गोल फिरवत बसते, ठरलेला क्रम मोडला की आकांत करते, अशा बारीकसारीक नोंदी त्यात होत्या. कॅनर यांनी हे पत्र बाजूला ठेवले नाही, त्यालाच अभ्यासाचा पाया केले. पुढच्या पाच वर्षांत त्यांनी अशी आणखी मुले पाहिली आणि १९४३ मध्ये आठ मुलगे व तीन मुली अशा अकरा मुलांची हकिगत प्रसिद्ध केली. स्वमग्नतेचे आज आपल्याला माहीत असलेले चित्र वैद्यकशास्त्रात रुजले ते या लेखापासून. हा दोष जन्मजात असावा, असे त्यांनी त्यात लिहिले होते.

पण त्याच लेखाच्या शेवटी त्यांनी आणखी एक नोंद केली. या मुलांच्या आईवडिलांत मायेचा ओलावा कमी दिसतो, अशी. पुढच्या काही वर्षांत त्यांनी या पालकांच्या घराला शीतपेटीची उपमा दिली. उपमा वाऱ्यासारखी पसरली. आई थंड असते म्हणून मूल स्वमग्न होते, हा समज दवाखान्यांत आणि वर्तमानपत्रांत पक्का झाला. शिकागोच्या ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ मध्ये याच विचारावर पुस्तक लिहिले आणि ते खूप वाचले गेले. मूल अबोल राहिल्याचे दुःख पचवत असलेल्या हजारो आयांना गुन्हेगार ठरवले गेले. त्याला आधार म्हणावा असा कोणताही पुरावा नव्हता.

कॅनर यांचे मोठेपण पुढे दिसते. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. स्वमग्नतेचे मूळ मेंदूत आहे, संगोपनात नाही, असे मांडणारे पुस्तक त्यांनी १९६४ मध्ये लिहिले. त्याला प्रस्तावना दिली ती कॅनर यांनी. १९६९ मध्ये वॉशिंग्टनला स्वमग्न मुलांच्या पालकांचे संमेलन भरले. पंचाहत्तर वर्षांच्या कॅनर यांनी तिथे उभे राहून पालकांना सर्वांसमक्ष निर्दोष ठरवले.

१९७१ मध्ये स्वमग्नतेवरचे एक नियतकालिक सुरू झाले आणि त्याचे संपादक कॅनर होते. पालक आज प्रतिकारशक्तीबद्दल जे विचारतात, त्याची सुरुवात याच नियतकालिकाच्या पहिल्या वर्षात सापडते. स्टेला चेस यांनी गर्भात असताना रुबेलाची लागण झालेली २४३ मुले तपासली. त्यांपैकी १० मुलांत स्वमग्नता पूर्ण स्वरूपात आणि ८ मुलांत अंशतः आढळली. जॉन मनी आणि सहकाऱ्यांनी एका कुटुंबाची हकिगत दिली. त्यात एक मूल स्वमग्न होते आणि प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचे आजारही त्या घरात होते. म्हणजे प्रतिकारशक्तीचा विचार खुळचट नाही. २००५ मध्ये कॅनर यांच्याच जॉन्स हॉपकिन्समधील संशोधकांना, मृत्यूनंतर तपासलेल्या ११ स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूंत प्रतिकार करणाऱ्या पेशी चेतवलेल्या आढळल्या. गरोदरपणातील गंभीर संसर्गाचा थोडा संबंध इतर अभ्यासांतही दिसतो. पण ताप आलेल्या बहुसंख्य आयांची मुले स्वमग्न नसतात. त्यामुळे एखाद्या तापाकडे बोट दाखवून आईला दोष देता येत नाही.

चेतवलेल्या पेशी हे आजाराचे कारण आहे, परिणाम आहे की मेंदूची दुरुस्ती चालू असल्याची खूण आहे, हे अजून ठरलेले नाही. म्हणून त्यावर औषध देणे म्हणजे धूर दिसला म्हणून घरात पाणी ओतण्यासारखे आहे. कदाचित तो चुलीचाच असेल. इम्युनोग्लोब्युलिन हे रक्तदात्यांच्या रक्तातील प्रतिपिंडांपासून बनवलेले महागडे इंजेक्शन आहे. त्याने रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. स्टिरॉइड दीर्घकाळ दिल्यास वाढ खुंटते आणि जंतुसंसर्ग बळावतो. स्वमग्नतेसाठी ही औषधे नेहमीचा उपचार म्हणून देण्याइतका पुरावा नाही. अमेरिकेत १८० मुलांवर नाळेतील रक्ताची चाचणी झाली. २०२० मध्ये तिचे निष्कर्ष आले, तेव्हा मुख्य कसोटीवर खरे रक्त दिलेल्या आणि न दिलेल्या मुलांत ठोस फरक दिसला नाही. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये स्वमग्नतेसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही, असे स्पष्ट केले. मात्र मुलाची वागणूक अचानक काही दिवसांत बदलली, झटके आले, शुद्ध हरपली तर तो वेगळा आजार असू शकतो. अशा वेळी तातडीने रुग्णालय गाठावे.

लसीचे उत्तर अधिक सरळ आहे. लसीचा आणि स्वमग्नतेचा संबंध सुचवणारा १९९८ चा लेख अवघ्या बारा मुलांवर बेतलेला होता आणि २०१० मध्ये तो रद्द झाला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा मागोवा घेतला गेला. गोवर, गालगुंड आणि रुबेलाची लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नता वाढलेली दिसली नाही. लस आणि लक्षणे यांचे वय एकच असते, म्हणून शंका येते. उलट रुबेलाची लस मुलींना वेळेवर मिळाली, तर चेस यांनी नोंदवलेले स्वमग्नतेचे एक कारण पुढच्या पिढीत टळते.

कॅनर यांचा स्वतःचा एक लेखही १९७१ मध्ये त्याच नियतकालिकात आला. अठ्ठावीस वर्षांनी त्यांनी त्या अकरा मुलांचा पुन्हा शोध घेतला होता. मोठ्या सरकारी संस्थांत कायमची ठेवलेली मुले मागे पडली होती. डोनाल्ड मात्र बँकेत नोकरी करत होता. लहानपणी तो घरापासून काही मैलांवर एका शेतकरी जोडप्याकडे राहिला होता. त्याला मोजण्याचा नाद होता. त्या जोडप्याने तो मोडायचा हट्ट धरला नाही, मक्याच्या ओळी मोजायला आणि घोड्याचा नांगर धरायला दिला. पुढे किशोरवयात त्याला सांध्यांचा आजार झाला आणि सुवर्णक्षारांची इंजेक्शने देण्यात आली. त्यांनीच तो सुधारला, असा दावा अलीकडे काहींनी केला. पण शेतावरची त्याची प्रगती कॅनर यांनी त्याआधीच पाहिली होती. आणि तुलनेला दुसरे कुणी नसताना एकाच मुलावरून औषधाचा गुण ठरवता येत नाही.

कॅनर ३ एप्रिल १९८१ रोजी वारले. स्वमग्नतेचे एकच एक कारण त्यांना सापडले नाही, आजही सापडलेले नाही. अनुवंशाचा वाटा मोठा आहे, एवढे आता कळले आहे. उपचारांत खात्रीचा भाग म्हणजे लवकर निदान, वाचा आणि वर्तन उपचार, शाळेची साथ आणि घरच्यांनी रोज मुलासोबत घालवलेला वेळ. दीड वर्षाचे मूल बोटाने वस्तू दाखवत नसेल, हाकेला वळत नसेल, तर मोठे झाल्यावर बोलेल म्हणून थांबू नये. अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवावे. ते मुलाला पुढील तपासणीसाठी पाठवतात. २०१६ च्या कायद्याने स्वमग्नता दिव्यांगत्वात धरली आहे, त्यामुळे प्रमाणपत्र आणि सवलती मिळतात. कुणी महागडे इंजेक्शन सुचवले, तर ते न दिलेल्या तशाच मुलांशी तुलना झाली आहे का, एवढे विचारावे. शेत विकण्याआधी हा प्रश्न विचारायला काही पैसे पडत नाहीत.