पहिला उपग्रह उडायच्या ११ वर्षं आधी या माणसाने अंतराळातल्या दुर्बिणीचा प्लॅन मांडला होता

साल १९४६. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं. रॉकेट म्हटलं की लोकांना लंडनवर पडलेली जर्मनीची व्ही-२ आठवायची. स्पुटनिक हा पहिला उपग्रह आकाशात जायला अजून ११ वर्षं बाकी होती.

अशा काळात तिशी नुकतीच ओलांडलेल्या एका अमेरिकन शास्त्रज्ञाने एक अहवाल लिहिला. त्याचं म्हणणं असं होतं, की मोठी दुर्बीण डोंगरावर नाही तर थेट पृथ्वीच्या वातावरणाबाहेर न्यायला हवी.

त्याचं नाव लायमन स्पिट्झर.

आता तुम्ही म्हणाल, दुर्बीण एवढ्या वर न्यायची गरजच काय? तर कारण आहे आपली हवा. हवा हलते म्हणून तारे लुकलुकतात आणि फोटो धूसर येतात. शिवाय अतिनील किरणांचा मोठा भाग हवाच अडवते. अवरक्त म्हणजे इन्फ्रारेड किरणांचा बराचसा भाग हवेतली वाफ गिळून टाकते. म्हणजे जमिनीवर कितीही मोठी दुर्बीण बांधा, विश्वाचा मोठा भाग दिसणारच नाही.

स्पिट्झर यांचा जन्म २६ जून १९१४ चा, ओहायो राज्यातल्या टोलेडो गावचा. येल विद्यापीठातून पदवी घेऊन ते वर्षभर इंग्लंडला केंब्रिजमध्ये शिकले. आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखरही त्या काळात केंब्रिजचेच फेलो होते. पुढे नासाच्या चार मोठ्या अंतराळ दुर्बिणींपैकी दोघींना याच दोघांची नावं मिळाली, हा योगायोगच.

१९३८ मध्ये स्पिट्झर यांनी प्रिन्स्टनमधून पीएचडी केली. युद्धाच्या काळात पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारवर काम केलं. १९४७ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, ते प्रिन्स्टनच्या वेधशाळेचे प्रमुख झाले. ताऱ्यांच्या मधल्या जागेत जो वायू आणि धूळ असते, तो त्यांचा आवडता विषय. सूर्यासारखी ऊर्जा पृथ्वीवर तयार करता यावी म्हणून त्यांनी १९५१ मध्ये स्टेलरेटर नावाच्या यंत्राची कल्पना मांडली. आणि गडी नुसता पुस्तकी नव्हता. १९६५ मध्ये कॅनडातल्या बॅफिन बेटावरचा माउंट थॉर त्यांनी एका सहकाऱ्यासोबत सर केला. त्या शिखरावर पोहोचलेले ते पहिलेच.

पण खरी चढाई वेगळीच होती.

१९७२ मध्ये त्यांच्या टीमची अतिनील दुर्बीण घेऊन कोपर्निकस उपग्रह उडाला आणि कल्पना चालते हे सिद्ध झालं. पुढची पायरी होती मोठ्या दुर्बिणीची, म्हणजे आजच्या हबलची. तेवढ्यात १९७४ मध्ये अमेरिकन काँग्रेसमध्ये तिच्या पैशांनाच कात्री लागली. प्रकल्प तिथेच संपला असता. तेव्हा स्पिट्झर आणि जॉन बाकॉल हे दोघे शास्त्रज्ञ वॉशिंग्टनमध्ये लोकप्रतिनिधींच्या भेटी घेत फिरले. आरसा ३ मीटरवरून २.४ मीटरवर आणला, खर्चात युरोपलाही सामील करून घेतलं. अखेर १९७७ मध्ये मंजुरी मिळाली.

हबल उडाली १९९० मध्ये, म्हणजे अहवालानंतर ४४ वर्षांनी. आणि कळलं काय, तर आरसा चुकीचा घासलाय! फोटो धूसर. १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन तिला जणू चष्मा लावला, तेव्हा कुठे ती नीट पाहू लागली. ३१ मार्च १९९७ ला ८२ व्या वर्षी स्पिट्झर गेले. त्या दिवशीही त्यांनी काम केलं होतं.

त्यांच्या नावाची दुर्बीण मात्र त्यांनी पाहिलीच नाही. ती २५ ऑगस्ट २००३ ला उडाली. ती होती अवरक्त दुर्बीण, आणि तिची डोकेदुखी वेगळी होती.

प्रत्येक उबदार वस्तू स्वतःच अवरक्त किरण सोडते. म्हणजे दुर्बीणच गरम असेल तर ती स्वतःच्याच उजेडाने आंधळी होणार. म्हणून तिला गोठवावं लागतं. १९८३ च्या आयरास दुर्बिणीने त्यासाठी ५२० लिटर द्रव हेलियम नेलं, ते १० महिन्यांत संपलं.

स्पिट्झर दुर्बिणीचं बजेट तर कापत कापत खाली आलेलं. मग डिझाइन करणाऱ्यांनी शक्कल लढवली. दुर्बीण गरमच उडवायची, उबदार पृथ्वीपासून दूर सूर्याभोवती फिरवायची आणि बाहेरच्या थंडीलाच कामाला लावायचं. सुमारे ३६० लिटर हेलियम साडेपाच वर्षांहून जास्त पुरलं! आरसा फक्त ८५ सेंटिमीटरचा, पण ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याचे सात ग्रह ओळखण्यात या दुर्बिणीचा मोठा वाटा होता. ३० जानेवारी २०२० ला तिला निरोप दिला गेला.

पुढे जेम्स वेबला टेनिस कोर्टाएवढी पाच थरांची छत्री मिळाली, तीही याच गरमीसाठी. २०२४ मध्ये नासाने सविस्तर अभ्यासासाठी निवडलेल्या प्रिमा या प्रस्तावातही १.८ मीटरचा आरसा गोठवायचाच आहे.

आज जे इंजिनियर पुढच्या दुर्बिणीचा आराखडा काढतायत, त्यातल्या काहींना ती उडताना दिसणारही नाही. स्पिट्झर यांनी कागदावर मांडलेली दुर्बीण उडायलाही ४४ वर्षं लागली होती. पण कुणीतरी पहिला कागद लिहावा लागतो, आणि पैसे कापले जातात तेव्हा दारोदार फिरावंही लागतं.