गिटार न येणारा गिटारवाला

कॉलेजचा फेस्ट जवळ आला की बँडमध्ये हा वाद पेटतोच. एका गटाला व्हॉल्व्हचा जुना अ‍ॅम्प हवा असतो, बाकी सगळं त्यांच्या लेखी नकली. दुसरा गट डिजिटल मॉडेलिंगवर खूश. एका छोट्या डब्यात ढीगभर अ‍ॅम्पचे आवाज आणि हेडफोन लावला की रात्री दोन वाजताही प्रॅक्टिस! तुम्ही भिवंडीजवळच्या कोनला राहत असाल, तर तुमचं मत बहुतेक दुसऱ्या गटालाच. २९ किलोचा अ‍ॅम्प शेअर रिक्षात कोंबायचा, दुर्गाडीचा पूल ओलांडून कल्याण गाठायचं आणि मग लोकल... विचारच नको.

पण मत पक्कं करण्याआधी एका माणसाला भेटा. ज्याच्या अ‍ॅम्पला आज सगळे अस्सल म्हणतात, तो लिओ फेंडर.

जन्म १९०९ चा, कॅलिफोर्नियातल्या संत्र्यांच्या बागेत. आठव्या वर्षी गाठीमुळे डावा डोळा गेला. शिकला अकाउंट्स. मंदीत नोकरी गेली, तेव्हा १९३८ मध्ये ६०० डॉलर उसने घेऊन फुलर्टन गावात त्याने रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. पणजोबांच्या घरी लाल उजेडाच्या व्हॉल्व्हचा रेडिओ असायचा ना, तसलेच रेडिओ. तिथेच वादक आपले बिघडलेले अ‍ॅम्प घेऊन येऊ लागले.

आता गंमत बघा. या माणसाला गिटार वाजवता येत नव्हती, ट्यूनसुद्धा करता यायची नाही! पण वाजवणाऱ्यांचं तो कान देऊन ऐकायचा. नवीन नमुना त्यांच्या हाती द्यायचा, तक्रारी ऐकायचा आणि पुन्हा हत्यारं घेऊन बसायचा. १९४६ मध्ये स्वतःची कंपनी, १९५१ मध्ये टेलिकास्टर, १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आणि सोबत एकाहून एक अ‍ॅम्प.

त्याला हवा होता स्वच्छ, खणखणीत आवाज. आवाज फाटणं म्हणजे त्याच्या दृष्टीने दोष. पोरांनी मात्र व्हॉल्यूम पार वर नेला आणि त्या फाटलेल्या आवाजाच्याच प्रेमात पडली. आज मॉडेलिंगवाले इंजिनीअर गणितं मांडून तोच दोष हुबेहूब उतरवायची धडपड करतात.

पुढे ऐका. लिओचा बासमन अ‍ॅम्प बनला होता बास गिटारसाठी, पण तो उचलला लीड वाजवणाऱ्यांनी. इंग्लंडमध्ये फेंडर फार महाग पडायचा. म्हणून १९६२ मध्ये लंडनच्या जिम मार्शलच्या दुकानात बासमनचंच सर्किट समोर ठेवून, तिथे मिळतील ते सुटे भाग वापरून नवा अ‍ॅम्प तयार झाला. रॉकचा अस्सल मार्शल आवाज म्हणतात त्याची सुरुवात ही अशी. म्हणजे एका नकलेपासून!

लिओच्या आयुष्यात हा प्रश्न आणखी टोचणारा झाला. लांबलेल्या आजारपणाला कंटाळून १९६५ मध्ये त्याने कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. नंतर तो बरा झाला, पण नाव गेलं होतं. फेंडर नावाच्या गिटारी दुसरेच बनवत होते आणि खुद्द फेंडरच्या नव्या गिटारींवर नाव होतं जी अँड एल. सांगा, यातली अस्सल कोणती? पार्किन्सन्सने हात थरथरायला लागले तरी त्याचं वर्कशॉप सुटलं नाही. १९९१ मध्ये तो गेला.

२०१९ मध्ये फेंडर कंपनीनेच आपल्या ट्विन रिव्हर्बची डिजिटल आवृत्ती काढली. वजन सुमारे १५ किलो, म्हणजे जवळपास निम्मं.

व्हॉल्व्हवाल्यांचं म्हणणं खोटं नाही. मोठा स्पीकर मागे धडधडत असला की बोटांना जो प्रतिसाद मिळतो, तो हेडफोनमध्ये सापडत नाही. जमलं तर एकदा तरी तो अनुभव घ्या. पण परवडत नाही म्हणून स्वस्तातला मॉडेलर घेतला असेल, तर त्याची लाज बाळगू नका. मित्राला डोळे मिटून दोन्ही ऐकायला सांगा, तुम्हीही ऐका. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या त्या एका डोळ्याच्या माणसाने तरी दुसरं काय केलं? हाताशी होतं ते घेतलं आणि निवाडा कानावर सोडला.